काटेवाल्याची सहासष्ट ताटं

घरात माणसं दोन आणि वाढायची ताटं सहासष्ट. जेवायची मात्र दोघंही स्टीलच्या ताटल्यांत, त्यातली एक पोचे पडलेली. असं घर तुम्ही पाहिलं नसेल, तर तुमचं काही बिघडलेलं नाही.

ताटं होती काटेवाल्याची. धान्यबाजाराच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं बसलेला माणूस. भरलेली गाडी काट्यावर चढायची, हा आकडा लिहायचा. रिकामी होऊन परत यायची, हा पुन्हा लिहायचा. मग चिठ्ठी फाडायची: तारीख, गाडी, वजन, आणि शेवटच्या रकान्यात दोष. पोती ओली. माती फार. आपण आयुष्यात एकही खोटं वजन लिहिलं नाही, असं तो न विचारता सांगायचा. बायको म्हणायची, "काट्याला जीभ नसते म्हणून बरं. नाहीतर तोही 'कान किटले' म्हणाला असता."

बायकोचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेलं. रोज दोनशे पोरं तिने पत्र्याच्या ताटांत जेवू घातलेली. ताट म्हणजे अन्न आणि तोंड यांच्यामधला थांबा, याहून जास्त मान तिने त्याला कधी दिला नाही.

नोकरी सुटली, पण काटेवाल्याचा काटा काही सुटला नाही. जुन्या बाजारातून, लोकांनी सोडलेल्या घरांतून तो चिनी मातीची मोठमोठी ताटं आणू लागला. कुणाचा काठ उडालेला, कुणाचे दोन तुकडे. तो ते डिंकाने जोडायचा, सुतळीने आवळून दोन दिवस ठेवायचा, आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवायचा. तारीख, कुठून आणलं, वजन, दोष. फडताळ भरलं, खिडकीची फळी भरली, शेवटी आतल्या खोलीतल्या पलंगावरही अकरा ताटं जाऊन निजली. तो पलंग लेकीचा होता.

लेक आठ वर्षांत आली नव्हती. शेवटची आली तेव्हा, सणाच्या सुट्टीत भांडी घासताना तिच्या हातून निळ्या काठाचं लांबट ताट निसटलं. तीन तुकडे. बाप ओरडला असता तरी चाललं असतं. तो ओरडला नाही. जमिनीवर बसून दोन तास चुरा वेचत राहिला. लेकीने बॅग भरली, गाडी आली, गाडी गेली. तरी हा वेचतोच आहे. त्यानंतर फोन यायचा तो आईला, आणि त्यात बापाचं नाव नसायचं.

यंदा तिने स्वतःहून कळवलं, "सणाला येतो दोघं. सकाळी येऊ, चारच्या गाडीने निघू. राहायचं तिथे आल्यावर बघू."

त्या 'बघू'वर आईने पलंग मोकळा केला. अकरा ताटं उचलून नवऱ्याच्या अंथरुणावर मांडली, आणि पलंगावर धुतलेली चादर घातली.

काटेवाल्याने मात्र भिंतीवर कागद लावला. त्यावर मेज आखलेलं, त्यात गोल आणि लांबट गोल.

"हे बघ," तो काठी टेकवून म्हणाला, "मधोमध निळ्या काठाचं. त्यात उकडलेले बटाटे, थंड. डावीकडे पानांच्या नक्षीचं, त्यात चिरलेली काकडी. उजवीकडे फळं."

"आणि रस्सा?"

"रस्सा यंदा नको. डिंक उष्णता धरत नाही."

"अहो, मयताच्या घरी गेलं तरी चहा गरम मिळतो."

"ताटाला शोभेल ते वाढायचं असतं. तुला त्यातलं कळायचं नाही."

"नाहीच कळत. मी आपली पोटाला शोभेल ते शिजवते."

ती चुलीकडे वळली. शहाण्याशी वाद घालावा, काट्याशी नाही.

सणाच्या दिवशी पहाटेपासून घरात मांसाच्या रश्शाचा वास सुटला. काटेवाल्याने नाक वर करून हुंगलं. "कुठून येतोय?"

"शेजारून," बायको म्हणाली. शेजारचे आठवड्यापूर्वीच गावाला गेले होते.

लेक आली. सोबत जावई, नळ दुरुस्त करणारा, लाजरा माणूस. लेक खुर्चीच्या टोकावर बसली, बॅग मांडीवर घेऊन. आईने ती बॅग पाहिली आणि पाण्याचा पेला पुढे केला. काटेवाला काठी घेऊन एकेक ताट दाखवू लागला. हे कुठलं, ते कुणाच्या घरचं, याचं वजन किती. जावई प्रत्येक ताटाला "वा" म्हणत होता. अकराव्या "वा"ला त्याचा घसा बसला.

मेजाच्या मध्यावर निळ्या काठाचं ताट रिकामंच होतं. लेकीने ते ओळखलं. उचललं, उलटं केलं, आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"दोष: तीन तुकडे. मुलीच्या हातून."

काटेवाला म्हणाला, "मग? तसंच झालं होतं ना?"

लेकीने ताट जागच्या जागी ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "गाडी चारला आहे ना? आम्ही थोडं आधीच निघू."

आई स्वयंपाकघरात गेली. दोन फडक्यांनी धरून पातेलं घेऊन आली, वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"बाजूला व्हा."

"अगं, त्यात नको! डिंक आहे, डिंक—"

तिने सगळा रस्सा निळ्या काठाच्या ताटात ओतला. क्षणभर ताटाने इमान राखलं. मग बारीक आवाज झाला, तीन रेघा उघडल्या, आणि तीन तुकडे तीन वाटांनी निघाले. रस्सा मेजपोसावर पसरला.

"आता लिहा," बायको म्हणाली. "दोष: आईच्या हातून. अक्षर नीट काढा."

काटेवाला तुकड्यांकडे झेपावलाच. पण रश्शाचा ओघळ सरळ लेकीच्या मांडीकडे निघाला होता. त्याचे हात मध्येच वळले. कापड नाही, कागद नाही. त्याने दोन्ही तळवे मेजाच्या काठाशी आडवे घातले आणि तो कढत रस्सा अडवून धरला.

"बाबा! हात काढा!"

"तू आधी सरक."

लेक उठली. बॅग जमिनीवर पडली. तिने त्याला मनगटाला धरून नळाखाली नेलं. आठ वर्षांत पहिल्यांदा दोघं एका नळापाशी उभे होते, आणि दोघंही पाण्याची धार बघत होते. शेवटी काटेवाला म्हणाला, "नळ गळतो."

"तुमचे जावई बघतील," लेक म्हणाली. "पण आज नाही, सणाचा दिवस आहे. उद्या."

आईने तो 'उद्या' ऐकला आणि पातेल्याच्या तळाशी डाव फिरवला. तिथे चौघांपुरतं उरलं होतं. दोनशे पोरांची अन्नपूर्णा सगळं एकदम ओतत नसते. वाढायला गेली तर घरात जेवायच्या ताटल्या दोनच. एक जावयाला दिली. पोचे पडलेली बापलेकींत ठेवली. आपण पातेलंच पुढे घेऊन बसली.

"सहासष्ट ताटं," ती म्हणाली, "आणि खायला एक कामाचं नाही."

बाकी तिघांची तोंडं भरलेली होती.

माणूस बदलला असं म्हणाल तर ती थाप होईल. तिसऱ्या दिवशी लेक-जावई गेले, आणि त्याच दुपारी काटेवाल्याने डिंक काढला. तुकडे जोडले, सुतळी आवळली, नवी चिठ्ठी लावली. तो बाहेर गेल्यावर बायकोने ताट उलटं केलं. दोषाच्या रकान्यात लेकीचं किंवा आपलं नाव असणार, याची तिला खात्री होती.

दोष: रस्सा गरम होता.

ती नाकातून हसली. बत्तीस वर्षं काट्यावर काढली, आणि खोटं वजन लिहायला हा माणूस आत्ता कुठे शिकला.