डोळ्यात भरलेली हवा

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ड्युटी संपवून घरी यावं, तर एखादा आधीच पदराला चिकटून आलेला असतो. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मी बेळगावात एका डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होते. तिथल्या एकाच पेशंटचे हे किस्से.

*

वडगावचे कल्लाप्पाअण्णा हातमागावर साड्या विणायचे. एक डोळा लहानपणी देवी आल्या त्यात गेलेला. आता दुसऱ्यापुढं अचानक काळं सावट उतरलं.

डॉक्टरांनी तपासलं. "अण्णा, डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटलाय. बाहेरून डाग देऊन छिद्र बंद करू आणि आत हवा भरू. ती हवा पडदा जागेवर दाबून धरेल."

अण्णा शांतपणे म्हणाले, "हवाच भरायची व्हती तर सायकलवाल्याकडं गेलो असतो की."

*

डॉक्टरांनी हे विलायती मासिकात वाचलेलं, स्वतः कधीच केलेलं नव्हतं. म्हणून आधी बोकडाच्या डोळ्यांवर सराव सुरू झाला. डोळे आणायला मी जायची.

चौथ्या दिवशी खाटीक हळूच म्हणाला, "आक्का, साहेबास्नी मटण परवडत न्हाय व्हय?"

*

ऑपरेशनचा दिवस. सिरिंज उकळलेली, हवा निर्जंतुक कापसातून गाळलेली. सुई आत गेली. डॉक्टर एरवी मोजकं बोलणारे, पण डोळ्यात बघायच्या यंत्रातून आत डोकावले आणि ओरडलेच. "सिस्टर, बुडबुडा बघा! पडदा टेकला!"

त्यांनी ते यंत्र माझ्या हातात दिलं. माझेच डोळे भरून आलेले, मला कप्पाळ दिसणार! तरी म्हटलं, "व्हय सर, टेकला."

*

आता हवा जिरेपर्यंत आठ दिवस खाटेच्या कडेबाहेर तोंड काढून पालथं पडून राहायचं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दुसऱ्याच दिवशी अण्णा वैतागले, "फरशीशी काय बोलू?"

त्यांच्या बायकोनं, पारूबाईनं, चटई उचलली आणि सरळ त्यांच्या तोंडाखाली, खाटेच्या कडेला जाऊन आडवी झाली. दिवसभर दोघांची कुजबुज चालायची. डॉक्टरांनी राउंडला विचारलं, "आज पेशंट कसा आहे?" की खालून उत्तर यायचं, "बरा हाय."

*

आठ दिवसांनी पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटं वर धरली. "किती, अण्णा?"

 डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.  अण्णा बोटांकडं बघतच नव्हते, शेजारी उभ्या पारूबाईकडं बघत होते.

"पारू, हनुवटीवर तीळ कवा आला गं?"

"लग्नाआधीपास्नं हाय."