दाराबाहेरचं स्टूल

सुनंदा गेली त्याला सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, "किती लोकांच्या शेवटच्या इच्छा पुरवल्या हो वहिनींनी!" मी मान डोलावतो. तिची स्वतःची इच्छा मी जवळजवळ मोडीत काढली होती, हे कुणाला ठाऊक नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ती शेवटच्या आजारातल्या माणसांकडे जाऊ लागली. गाडी चालवणारा मी, बिनपगारी. तिचा एक हट्ट होता. इच्छा विचारताना घरचं कुणी खोलीत नको. डिक्कीतलं निळं प्लास्टिकचं स्टूल दाराबाहेर ठेवायची, सगळ्यात जवळच्या माणसाला त्यावर बसवायची आणि दार लावून घ्यायची. लोकांना राग यायचा. इतवारी बाजारातल्या एका भांडेवाल्याच्या मुलांनी बापाला रामटेकला दर्शनाला न्यायची सगळी तयारी केली होती. दार उघडून सुनंदा म्हणाली, "बाबूजींले रामटेक नाही, दुकानात बसाचं आहे." थोरला उसळला, "अन् तिथं काही झालं तर?" "काही तर होणारच आहे गा," ती म्हणाली, "कुठं व्हावं, ते त्याहीले ठरवू दे." म्हातारा तासभर दुकानातल्या गादीवर बसला. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा उतरत होता, मी दर मिनिटाला तिकडे बघत होतो, आणि म्हातारा गिऱ्हाइकाला पितळेची घागर वाजवून दाखवत होता... त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात हात जोडले.

पण दुसऱ्याच्या दारात शहाणपण सोपं असतं. तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. मी टेकायला तयार नव्हतो. मुंबईची तिकिटं काढली. "काय पाहिजे तुले?" रोज विचारायचो. "काही नाही," म्हणायची. निघायच्या आदल्या सकाळी तिच्यासोबत काम करणारी मंदा आली. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि दाराकडे बोट केलं.

"तुम्ही बाहेर बसा."

मी? पस्तीस वर्षं संसार केलेला नवरा? कानशिलं तापली. तरी जाऊन त्याच स्टुलावर बसलो. आतला एक शब्द ऐकू येईना. काहीही माग, फक्त मुंबईला नाही म्हणू नको, असं मी घड्याळाकडे पाहत घोकत होतो...

मंदा डोळे पुसत बाहेर आली. "भाऊजी, 'मले कुठंच नेऊ नका,' म्हणून राहिल्या ताई. तुम्ही एवढी धावपळ करून राहिले, तुमचं मन मोडाची हिंमत होत नाही त्याहीची."

मी तिच्यावरच ओरडलो, "मग मी काय करू? नुसता पाहत बसू?"

आतून क्षीण आवाज आला, "हो. बसा न... जवळ."

तिकिटं रद्द केली. स्टूल उचलून आत नेलं, तिच्या पलंगाशेजारी ठेवलं आणि एकोणीस दिवस त्यावर बसलो. भांडलो, रडलो, तिला चमच्याने सरबत पाजलं. शेवटी तिचा हात माझ्या हातात होता.

पलंग आता रिकामा आहे. सून झाडायला येते आणि स्टूल उचलू पाहते. मी म्हणतो, "राहू दे वं. मी अजून बसून राहिलो."