सही कोण करणार?

भंडाऱ्यातल्या माझ्या छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या संमतीचा कागद पूर्वी अर्ध्या पानाचा होता. आता चार पानांचा आहे. मध्यंतरी एका पेशंटच्या भावानं मला नोटीस पाठवली होती, धोका आधी सांगितलाच नाही म्हणून. डॉक्टरच्या चुकीसाठी असतो तो विमा मी दरवर्षी काढते, त्यामुळे धीरानं कंपनीच्या वकिलाला फोन केला. त्यानं पेशंट कसा आहे हेसुद्धा विचारलं नाही. "मॅडम, नातेवाइकाची सही कुठंय?" एवढंच. कागद कच्चा असला तर कंपनी हात वर करणार, हेही त्यानं समजावलं. तेव्हापासून सहीशिवाय मी कोणाला टेबलावर घेतलं नाही.

यंदा रोवणीच्या दिवसांत दिघोरीहून एक सून आली. बांधीत धान रोवता रोवताच तिच्या पोटात कळ आली होती. अपेंडिक्स, आणि फुटायच्या बेतात आलेलं. सोबत सासरा आणि दीर. मी ऑपरेशनची तयारी करायला सांगितली आणि कागद पुढे केला.

दिरानं तो मोठ्यानं वाचला. 'जीव जाऊ शकतो' इथं येऊन थांबला. "हे तं तुमी आधीच लिवून ठेवलं जी!"

सासऱ्यानं पेन टेबलावर ठेवून दिलं. "मी नाई करत सही. उद्या काही झालं तं तिच्या मायरचे माह्याच गळ्यात पडतीन. पोराले इचारा."

पोरगा जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. तिथं मोबाइल गेटवरच जमा होतो, पाळी सुटेपर्यंत तो सापडणार नव्हता. मग तुमसरला तिच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मी कसा करू सही? ते तं आता त्यायची सून हाये."

अकरा वाजता सुरू झालेलं हे प्रकरण साडेबारा झाले तरी तिथंच. मी समजावलं, मग आवाज चढवला, मग अक्षरशः हात जोडले. फुटलं तर पोटभर पू होईल, बाबा! सासरा मान डोलवायचा आणि पेनाकडे बघायचासुद्धा नाही. मला त्याचा इतका राग आला होता की बोलायची सोय नाही.

तेवढ्यात स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "म्याडम, पोट माहं हाये ना? मंग माही सही काहून नाई चालत?"

मी वकिलाला फोन केला. हो, त्या क्षणीही मला वकीलच आठवला!

"चालते की," तो म्हणाला. "कायद्यानं तिचीच लागते. नातेवाइकांची आपण जास्तीची घेतो. उद्या भांडायला तेच येतात ना."

उद्या म्हणजे ती मेल्यावर. दीड तास आम्ही सगळे तिच्या मरणानंतरची सोय बघत होतो, आणि ती पोट धरून समोर पडली होती. कायदा मला माहीत नव्हता असं नाही, कॉलेजात शिकले होते. स्वतःची मान सोडवायच्या नादात विसरले, आणि याची मला आजही लाज वाटते.

तिनं आडवं पडूनच सह्या केल्या. प्रत्येक पानावर पूर्ण नाव लिहिलं. अपेंडिक्स फुटायच्या आत निघालं.

संध्याकाळी नवरा डबा खांद्याला तसाच अडकवून आला. बायको झोपली होती. तिच्याकडे एक नजर टाकून त्यानं मला विचारलं, "सही कोनं केली?"

"तिनं."

तो बापाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "तिले कोनं करू देली?"

त्याला चांगलं सुनावायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. साडेबारापर्यंत मीही तिच्या हातात पेन दिलं नव्हतं.