मळक्या कागदावरचं सुकाणू

दुबईला उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. सदुसष्टाव्या वर्षी परदेशी जायची हौस माझी नव्हती, ब्रायनची होती. हा ब्रायन वसईचा. पुण्यात माझ्याकडे तीन वर्षं फ्रेंच शिकला, म्हणजे वर्गात बसला. आता दुबईच्या पुढे रास अल खैमाला एका वर्कशॉपचा सुपरवायझर आहे. "टीचर, एक जुनं फ्रेंच विमान रिस्टोअर करतोय. ड्रॉइंग्जवर हाताने लिहिलेलं मोबाइलला वाचता येत नाही. दोन आठवडे या ना, प्लीज!" एवढं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

पहिला मुक्काम दुबईच्या जुन्या भागात, देराला, ब्रायनच्या मावशीकडे. सोनाराच्या गल्ल्या, धक्क्यावर टायर आणि फ्रीज चढवणारी लाकडी गलबतं, आणि ऊन असं की डोळे उघडवेनात. परतताना चष्मा टॅक्सीत विसरले. झालं! वाचायला बोलावलेली बाई आणि तिलाच दिसेना. नवा चष्मा चार दिवसांनी मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी रास अल खैमाला निघालो. दोन्ही बाजूंना वाळू, मग सिमेंटच्या कारखान्यांची पांढरी धूळ, मागे तपकिरी, बोडके डोंगर. झाड दिसलं की बरं वाटायचं. मी अर्धा रस्ता झोपून काढला, खोटं कशाला सांगू?

शेडमध्ये विमान होतं. खरं तर सांगाडाच. एकावर एक दोन पंख, लाकडी फासळ्या, एकामागे एक दोन बैठका. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्यातल्या शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं. पुढे शिकाऊ, मागे शिक्षक. पहिलं इंजिन अशक्त ठरलं म्हणून बदललं, चाकं दणक्यात मोडत म्हणून पाय रुंद केले. दरवर्षी पोरांनी काहीतरी मोडायचं आणि कारखान्याने ते सुधारायचं. चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईला हे लगेच पटलं.

अरबाब (मालक) तिथलेच, निवृत्त वैमानिक. "पुढे माझी नात बसणार, मागे मी," असं त्यांनी हिंदीत सांगितलं आणि लाजल्यासारखे हसले.

लाकूडकाम एकट्या गणपत धुरींचं. कुडाळचे, साठी उलटलेली, सव्वीस वर्षं इथे. आधी गलबतं, मग बंगल्यांची स्वयंपाकघरं, आता हे. दुपारी त्यांनी मला तळलेली सुरमई आणि कुबूस (इथली जाड रोटी) वाढली. "जेवा बाईनू, हडे उपाशी कोण रवणा नाय." (इथे उपाशी कोणी राहत नाही.) मग हळूच म्हणाले, मागल्या वर्षी आई गेली तेव्हा सुट्टी मिळाली नाही. अग्नी धाकट्या भावाने दिला. आता वर्षश्राद्धाला काही झालं तरी मीच बसणार. त्यांचा व्हिसाही शेवटचा होता. एकदा गेले की परत येणं नाही. उरलं होतं फक्त शेपटीचं सुकाणू, म्हणजे विमान डावीउजवीकडे वळवणारी फळी. त्याचा सांगाडा तयार होता, सरस लावायचा बाकी होता.

"बाईनू, कागद एकदा बघा. बरोबर असला तर चिकटवून टाकतंय."

टेबलावर शेपटीचे दोन कागद होते. एक स्वच्छ, सुबक. दुसरा तेलाने माखलेला, खाडाखोडीचा, कडेला बारीक अक्षरांची गिचमिड. चष्मा नव्हता. मला स्वच्छ कागदच वाचता आला. धुरींचं कामही त्यावरूनच झालं होतं. कुठल्याही सुताराला वाटेल, नीटनेटका कागद शेवटचा. मलाही तेच वाटलं. मापं जुळली. मी म्हटलं, "लावा."

त्यांनी सरस लावला आणि त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

चार दिवसांनी चष्मा आला. मळका कागद डोळ्यांजवळ धरला. कडेला लिहिलं होतं की लहान सुकाणूवर विमान गरगरत खाली यायला लागलं की शिकाऊ मुलं त्या गिरकीतून बाहेर येत नाहीत. जुना आराखडा बाद, यापुढे हे मोठं सुकाणूच लावावं. स्वच्छ कागद स्वच्छ राहिला, कारण तो कोणी वापरलाच नव्हता. कारखान्यात हातोहात फिरला तो हा मळका.

मी गप्प बसू शकले असते. तसा विचार आला, हे कबूल करते. मग ब्रायनला सांगितलं, त्याने अरबाबना, आणि धुरींना मी स्वतः.

धुरींनी सुकाणूवर हात ठेवला. "कितके दिवस लागतले?" ब्रायन म्हणाला, "महिना तरी, काका." वर्षश्राद्धाला आठ दिवस होते.

अरबाब म्हणाले, "खलास (पुरे झालं), तू जा. आई एकदाच असते. दुसरा सुतार आणतो."

"कोण? स्वयंपाकघरा करणारो?" धुरी चिडले. "सरस माजो आसा, तो मीच तोडतलंय." पटाशी घेतली आणि शेपटी उकलायला बसले. मी माफी मागितली. ते पटाशी चालवत राहिले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

श्राद्ध माझ्या परतीच्या आदल्या दिवशी आलं. सकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. परसात केळीच्या पानावर घास ठेवून तासभर झाला होता. "दादा, कावळो शिवणा नाय. आता तूच काय ता बोल."

धुरींनी फोन रंध्याशेजारी टेकवला, हात जोडले आणि मोठ्याने बोलले, "आये, माका येवक जमूक नाय. हेच्यात कोणाचा तरी पोर बसतला. सुकाणू झाला की येतलंय." (आई, मला यायला जमलं नाही. यात कोणाचं तरी पोर बसणार आहे. सुकाणू झालं की येईन.)

शेडमधल्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. माझा या कशावर विश्वास नाही, तरी मी रडले. थोड्या वेळाने फोनमधून आवाज आला, "शिवलो रे दादा." धुरींनी डोळे पुसले, रंधा उचलला.

पुण्यात परतले त्याला तीन आठवडे झाले. शेजारच्या बाई विचारतात, दुबईहून काय आणलंत? काही नाही, थकवा. जन्मभर मी स्वच्छ वह्यांना जास्त गुण देत आले, हे तिथे कळलं आणि फार उशिरा कळलं. काल ब्रायनला फोन केला. सुकाणू अजून व्हायचं आहे. धुरी अजून तिथेच आहेत, आणि ते त्यांच्या आईला माहीत आहे.