सात तोंडांचा न्युरो

जपानमधल्या कुरुमे गावच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तोकिए काजिवारा एकोणीस वर्षं सांडपाण्याची टाकी साफ करत होती. झाकण उघडलं की वर पिवळट चरबीची साय, त्यात अडकलेले नूडल्स, पोरांनी टाकलेल्या गाजराचे तुकडे. तिला त्याची कधी किळस आली नाही. घाण आपण घाण आहे असंच सांगते, खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची.

नवरा गेल्यावर वेळ खायला उठला, तेव्हा तिनं गावच्या सभागृहात मार्कर-चित्रांच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारे मुरोझोनो सेन्सेई गुळगुळीत हातांचे, गोड बोलणारे. "आधी फिका रंग, तो ओला असतानाच गडद, म्हणजे सांधा दिसत नाही," ते सांगायचे. रंग नसलेला मार्कर ओल्या शाईवर टेकवला की रंग पळतो आणि कडेला डाग उठतो. सेन्सेई त्याला चूक म्हणायचे. तोकिएला मात्र तो डाग पाहताच टाकीतली साय आठवली. तिनं शंभर डाग मुद्दाम उठवले आणि त्यातून एक प्राणी काढला. डोळे नाहीत, सात तोंडं, पोरांनी टाकलेलं सगळं चघळत बसलेला. नाव ठेवलं न्युरो.

"अरे बापरे, जेवण घशाखाली उतरेल का हो हे बघून!" सेन्सेई हसले. पण चित्र 'नीट बघतो' म्हणून घरी घेऊन गेले.

दोन महिन्यांनी मुख्य स्वयंपाकीण हिसानोनं जेवणघराच्या भिंतीवर नगरपालिकेचं पोस्टर चिकटवलं. ताटात अन्न टाकू नका. वर गुलाबी न्युरो. दोन टपोरे डोळे, एकच हसरं तोंड, डोक्यावर रिबन. खाली बारीक अक्षरात: चित्र, मुरोझोनो.

टाकीत कोपरापर्यंत हात घालणारी तोकिए ओकायला मोरीकडे धावली.

संध्याकाळी तिनं सेन्सेईंना वर्गाच्या दारात गाठलं.

"माझा न्युरो आहे तो."

"कल्पना काय, हवेत असतात, तोकिएसान. मी फक्त त्याला आंघोळ घातली." त्यांनी मांजू मिठाईचा खोका पुढे केला. "घ्या, आत लाल घेवड्याचं गोड पुरण आहे."

"आंघोळ नाही, सोललंत त्याला. आणि वर मिठाई चारताय?"

"एवढ्याशा गोष्टीचा राग धरू नका हो."

"राग नाही. शिसारी आली तुमची." खोका त्यांच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तिनं पोस्टरवर काळ्या मार्करनं डोळे बुजवले आणि उरलेली सहा तोंडं काढली. तळाचं नाव खोडलं नाही. तिथे सातवीच्या पोरी वाचत उभ्या होत्या, त्यांच्यासमोर कुणाचं नाव खोडणं तिला हलकटपणाचं वाटलं. मुख्याध्यापकांनी बोलावलं, लेखी समज दिली. "माफी मागता?" "नाही." पोस्टर उतरलं, आठवड्यात नवं लागलं. तेच गुलाबी.

वर्ग तिनं सोडला. बरेच दिवस मार्करचं टोपण उघडलं की त्या स्पिरिटच्या वासाबरोबर सेन्सेईंचं हसू नाकात शिरायचं, ओकारी यायची. गुलाबी रंगाचे चारही मार्कर तिनं कचऱ्यात घातले. मग पावसाळ्यात एकदा हिसानोनंच तिच्यासमोर कोरा कागद सरकवला.

"बाई, काढ काहीतरी. नुसती भिंतीकडे बघून दात खात असतेस."

तोकिएनं पुन्हा सात तोंडांचा न्युरोच काढला. हात अजून अवघडला होता, दोन ठिकाणी शाई कागदाच्या पार गेली. हिसानोनं निरखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"शी! काय घाणेरडं आहे गं हे!"

"हो ना?" म्हणत तोकिएनं खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.