आईला न विचारता भरलेला फॉर्म

गेल्या आठवड्याच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की प्रकल्पासाठी चाळीसही बायकांशी मी स्वतः बोलले. ते खरं नाही. एकोणचाळीस जणींशी बोलले. चाळिसावा फॉर्म माझ्या आईचा होता आणि तो मी नांदेडला होस्टेलवर बसून भरला. आईबद्दल मला सगळं माहीत आहे, असं वाटलं.

आज विभागात सादरीकरण झालं. विषय होता, निलंगा तालुक्यातल्या बायकांची शाळा का सुटली. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम तक्ता बघून म्हणाल्या, "शाळेची आवड नव्हती, असं एकीनेच सांगितलंय. नक्की?"

मी "हो मॅडम" म्हणाले. ते उत्तर आईच्या फॉर्ममधलं होतं. घरात पप्पा नेहमी तसंच म्हणतात.

बाहेर आल्याबरोबर आईला फोन लावला.

"कोन म्हनलं आवड नव्हती? लई आवडायची. तुझ्या मावशीला सांभाळायला घरी बसवलं मला." मग हसली. "एवढ्या बायांच्या घरी जाऊन आलीस, मला कधी इचारलंस?"

मार्क चांगले पडतील, असं आमचे मार्गदर्शक सर सांगून गेले. पण 'माहिती मी स्वतः गोळा केली' या प्रतिज्ञापत्राखाली माझी सही आहे. खरं सांगितलं तर प्रकल्प नाकारला जाऊ शकतो. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. तुमच्यापैकी कुणी असं स्वतःहून जाऊन सांगितलंय का?

रविवारी गावी जाऊन आईसमोर बसून फॉर्म भरणार आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता तो घेऊन सरांकडे जाणार आहे.