बैलाच्या कानाचा ब्रश

बारामतीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागून मला वर्षच झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत कन्हेरीच्या एका बागायतदारानं मला बोलावून घेतलं. त्याच्या खिलार बैलानं इंदापूरच्या जत्रेत शर्यत मारली होती आणि त्याला त्या बैलाचं तैलचित्र हवं होतं.

चित्र छान उतरलं. फक्त डोळे राहिले. आणि माझा एकुलता एक बारीक ब्रश टर्पेंटाइनच्या डबीत टोकावर उभा राहिल्यानं कायमचा वाकला! पुण्याहून दुसरा येईतो आठवडा गेला असता आणि परवा तर शाळा उघडणार होती.

“चांगल्या ब्रशात बैलाच्या कानातले केस घालतात म्हणे,” मी सहज बोलून गेलो.

बागायतदार ताडकन उठला. “माझ्या बैलाला कात्री लावताय व्हय, मास्तर?”

त्याची बायको मात्र हसली. “या हितं. मी धरते कान.”

तिनं बैलाच्या गळ्याखाली खाजवलं. त्यानं डोळे मिटून मान तिच्या खांद्यावर टाकली. मी हळूच कानातले लांब केस कापून घेतले.

घाईघाईत जुडी बांधली आणि टोकं सारखी दिसावीत म्हणून छाटली. रंगात बुडवली तर नुसती केरसुणी!

“शेंडं कशाला छाटलं?” बाई म्हणाली. “केस शेंड्यालाच बारीक असत्यात न्हवं?”

मी ओशाळलो. पुन्हा केस घेतले. या वेळी शेंडे खाली करून ते तिच्या शिवणाच्या, बोटात घालायच्या टोपणात सोडून हळूच आपटले, तशी टोकं आपोआप जुळली. बुडख्याशी मेणाचा दोरा आवळला. मोरपिसाची पोकळ नळी कोमट पाण्यात मऊ करून जुडी शेंड्याकडून तिच्यात घातली आणि निमुळत्या तोंडातून फक्त टोक बाहेर काढलं. वाळता वाळता नळीनंच केस घट्ट धरले. मागून वितळलेली लाख सोडली, दांडा म्हणून बांबूची कामटी खोचली. ब्रश पाण्यात बुडवून झटकला आणि काय सांगू, सुईसारखं टोक! मी अंगणात चक्क उडी मारली.

दुपारपर्यंत डोळे झाले. बागायतदार चित्रासमोर मांडी घालून बसला.

“आरं, ह्यो तर माझ्याकडंच बघतुया!” मग म्हणाला, “मास्तर, आता हिचंबी काढा.”

बाई लाजून आत पळाली. जरा वेळानं नथ घालून, केस विंचरून बाहेर आली आणि ओसरीवर ताठ बसली.

पुढचे चार रविवार मी सायकलनं कन्हेरीला जात होतो.